तूर, ज्वारी आणि येळवस: बदनापूर–परभणी–औसा

मंगळवार, बदनापूर

येळवस (वेळा अमावस्या, रानात पूजा करायचा आमच्याकडचा सण) शुक्रवारी, औशाला माहेरी जायचंच होतं, तर यंदा सरळ लातूरची गाडी न धरता मधे बदनापूर आणि परभणी करत करत जायचं असं भाच्याचं आणि माझं ठरलं. भाचा म्हणजे औशाच्या भावाचा मुलगा, ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझ्याकडंच राहतो संभाजीनगरला, त्याला पुढं प्लँट ब्रीडिंग, म्हणजे पिकांची नवीन वाणं तयार करायचं शास्त्र, घ्यायचंय. माझं शिक्षण शेतीतलं नाही पण मी जिरायत घरातली आहे, यंदा काय पेरायचं यावरून घरात रात्र रात्र चाललेली बोलणी ऐकत मोठी झालेय, त्यामुळं ही वाणं येतात कुठून आणि ती तयार करणारी माणसं दिवसभर करतात तरी काय हे एकदा स्वतःच्या डोळ्यानं बघायचंच होतं.

लालपरीनं तासाभरात बदनापूर. जालना रोडवरचंच गाव, रोज शेकडो गाड्या न थांबता पुढं जातात, पण मराठवाड्यात तूर पिकवणाऱ्या कुणालाही विचारा, बीडीएन ७११, बीडीएन ७१६, बीएसएमआर ७३६ ही नावं पाठ असतात आणि ही सगळी तूर इथल्या कृषी संशोधन केंद्रातनं गेलेली आहे. हरभऱ्याचा आकाश पण इथलाच. भाच्यानं आधी फोन करून ठेवला होता, एक सर स्वतः शेतात घेऊन गेले, चहा नंतर घेऊ म्हणले, ऊन चढायच्या आत तूर बघून घ्या.

डिसेंबरात गेलो हे बरं झालं कारण तीन वाणं शेजारी शेजारी उभी होती आणि तिघांची तीन रूपं. ७११ पूर्ण वाळलेली, शेंगा खडखडीत, दोन दिवसांत कापणार. ७१६ च्या शेंगा भरलेल्या, पिवळ्या पडायला लागलेल्या. आणि ७३६ अजून हिरवीगार, वरच्या शेंड्याला थोडी फुलं पण होती. एकाच आठवड्यात पेरलेली तिन्ही. सर म्हणले, "मॅडम, तुम्हाला यातली दुष्काळात टिकणारी कुठली वाटते?" मी साहजिकच हिरवी दाखवली, तर ते म्हणले तसं नसतं, आधी तुमचं पाणी कधी तुटतं ते सांगा.

मग त्यांनी मांडणीच करून दाखवली. आपल्याकडं पाऊस सप्टेंबरअखेर, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतो. मध्यम-हलक्या रानात त्यानंतर महिना-दीड महिना ओल पुरते, म्हणजे नोव्हेंबर मध्यापर्यंत. ७३६ ला यायला १७५-१८० दिवस लागतात, तिचे दाणे भरायची वेळ येते तेव्हा जमिनीत काही उरलेलंच नसतं. ७११ दीडशे-एकशे पंचावन्न दिवसांत येते, ओल संपायच्या आत तिचं काम उरकलेलं असतं. म्हणजे ७११ दुष्काळ सोसत नाही, दुष्काळाच्या हातनं निसटते. हे पण ब्रीडिंगच, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कोरडवाहू भागात याच एका युक्तीनं सगळ्यात जास्त काम केलंय असं सरांचं मत. हरियाणातली एचएचबी ६७ बाजरी पण हेच करते, साठ-पासष्ट दिवसांत मोकळी, म्हणून राजस्थानात तिच्यावर माणसांचा एवढा जीव.

पण फुकट काही मिळत नाही. भारी रान असेल, परतीचा पाऊस चांगला झाला असेल तर तीच ७३६ लवकर येणाऱ्या तुरीपेक्षा जास्त उतारा देते, कारण तिला वाढायला वेळ मिळालेला असतो. लवकर येणारं वाण घ्यायचं म्हणजे चांगल्या वर्षातला थोडा माल सोडून वाईट वर्षात खात्रीचा माल घ्यायचा. हा हिशेब ब्रीडरनं करायचा का शेतकऱ्यानं? सर म्हणले आम्ही दोन्ही तयार करून ठेवतो, रान बघून निवडायचं तुम्ही.

तिथून सिक प्लॉटकडं गेलो. मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. मर रोगाची बुरशी ज्या मातीत मुद्दाम वर्षानुवर्षं जपलीय असा तो तुकडा, त्यात प्रत्येक नवीन वाण पेरायचं आणि कोण जगतं बघायचं. मधे मधे एक ओळ मुद्दाम लवकर मरणाऱ्या जुन्या तुरीची, ती मेली म्हणजे समजायचं की मातीत रोग जागा आहे. त्या ओळी अख्ख्या वाळून उभ्या होत्या. सरांनी एक खोड उपटून चाकूनं साल सोलली तर आत काळपट तपकिरी रेघ, मुळापासनं वरपर्यंत, अगदी पेनानं ओढलेली वाटावी इतकी सरळ. पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बुरशीनं बंद केलेल्या. म्हणजे जमिनीत ओल आहे आणि झाड तहानेनं मेलंय. गावाकडं अशी तूर वाळली की आपण म्हणतो पाणी कमी पडलं, आणि पुढच्या वर्षी पाण्याच्या मागं लागतो, रोग तसाच मातीत राहतो. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं की दुष्काळ आणि रोग हे एकमेकांच्या वेषात येतात. ७३६ ची जी एवढी वाहवा झाली ती मर आणि वांझ दोन्ही सोसते म्हणून. वांझ म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या कोळ्यांमुळं पसरणारा रोग, झाड हिरवं राहतं, पानं बारीक होतात, फूलच येत नाही.

काही झाडांवर मच्छरदाणीसारख्या जाळ्या टाकलेल्या होत्या. तुरीत मधमाश्या एका वाणाचे पराग दुसऱ्यावर नेतात, शुद्ध बियाणं राखायचं तर झाकावंच लागतं.

एका कोपऱ्यात सखल भागात तूर पूर्ण गेलेली होती, ती यंदाच्या (२०२५ च्या) सप्टेंबरची. तुम्हाला माहितीच आहे यंदा काय झालं, मराठवाडाभर रानं पाण्याखाली होती, माती खरडून गेली, जनावरं वाहून गेली. तुरीच्या मुळाला हवा लागते, चार-पाच दिवस पाणी साचलं की संपलं. सर जरा गप्प झाले आणि मग म्हणले, २०२३ चा ऑगस्ट आठवा, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आणि आता हा सप्टेंबर. एकाच झाडानं दोन्ही सोसायचं अशी आता आमच्याकडं मागणी आहे. वाण एकटं हे करू शकत नाही, वरंब्यावर पेरा, पाण्याला वाट काढून द्या, तेव्हा कुठं वाणाचा गुण दिसतो.

रात्री मुक्काम जालन्याला. बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव. १९६४ मध्ये बद्रिनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली, पुढं १९९८ ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. खानावळीत बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी खाल्ली. भाचा सांगत होता की आपल्या संभाजीनगरच्या केंद्रानं काढलेल्या एएचबी १२०० या बाजरीत किलोला ७३ मिलिग्रॅम लोह आहे, नेहमीच्या वाणांत पंचेचाळीस-पन्नास असतं. गरोदर बायकांना गोळ्या वाटायच्या त्याच्या आधी ही भाकरी ताटात आली पाहिजे असं मला मनापासनं वाटलं.

बुधवार, परभणी

पहाटेची रेल्वे. परतूर, सेलू, मानवत रोड, उजाडता उजाडता परभणी. खिडकीतनं बघत होते, सेलूच्या पुढं काळी रानं लागली आणि ज्वारी दिसायला लागली, कुठं पोटरीत (कणीस अजून पानांतच) कुठं नुकती निसवलेली (कणीस बाहेर पडलेली), सप्टेंबरच्या पावसानं वाफसाच लवकर आला नाही म्हणून यंदा सगळीकडंच पेरा उशिरा.

परभणीचं विद्यापीठ १८ मे १९७२ ला सुरू झालं, आता वसंतराव नाईकांचं नाव आहे त्याला. त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट हे कोरडवाहू पिकांचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र उभं राहिलं, आणि बहात्तरचा दुष्काळ म्हणलं की आमच्या घरात अजून आवाज खाली येतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, खायला सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी. आई शेवटपर्यंत म्हणायची की ती भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण तिनं जगवलं. मी हे ज्वारी संशोधन केंद्रातल्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणल्या, त्या मिलोचं अजून एक देणं आहे आपल्यावर. १९५४ मध्ये अमेरिकेत कळलं की मिलोच्या पेशीरसात काफिर ज्वारीचं केंद्रक आणलं की झाडाचे पराग वांझ होतात. असं झाड मादी म्हणून वापरता येतं, एकेक फूल हातानं खुडत बसावं लागत नाही. त्यावरच १९६४ ला आपली पहिली संकरित ज्वारी सीएसएच १ आली. बहात्तरनंतर मराठवाड्यात खरिपात जी हायब्रीड सगळीकडं झाली तिचं मूळ हे.

हायब्रीडनं पोटं भरली यात शंका नाही. पण काढणीला पाऊस आला की दाणा काळा पडायचा, भाव मिळायचा नाही, आणि पुढं सोयाबीन आलं तसं खरिपातली ज्वारी बघता बघता गेली. रब्बीत मात्र गोष्ट वेगळी. रब्बीत हायब्रीड टिकलीच नाही, आजही लोक मालदांडी म्हणतात. एम ३५-१, सोलापूर जिल्ह्यात मोहोळला १९३० च्या दशकात निवड करून काढलेली. नव्वद वर्षं होत आली. मी विचारलं मॅडम, एवढी विद्यापीठं, एवढे शास्त्रज्ञ, मग नव्वद वर्षांच्या वाणाला अजून कुणी हलवू का शकलं नाही?

त्यांनी मला उत्तर दिलं नाही, ताटव्यात नेलं.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पावसावर येत नाही, जमिनीतल्या ओलीवर येतो. पेरणी सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबर मध्य, त्यानंतर आभाळातनं जवळपास काही नाही. माती वरनं वाळत जाते आणि मुळं ओलीच्या मागं खाली खाली जातात. म्हणजे पेरणीच्या दिवशीच झाडाच्या नावावर किती पाणी आहे ते ठरलेलं असतं, प्रश्न फक्त ते कधी वापरायचं. मॅडम म्हणल्या, "टँकर पंधरा दिवसांनी येणार असेल तर घरातली बाई रांजण पहिल्याच दिवशी रिकामा करत नाही, तसं झाड पाहिजे आम्हाला." फुलोऱ्याच्या आधी पानं फार माजवली, हिरवंगार दाट दिसलं, तर शेतकरी खूश होतो पण दाणा भरायच्या वेळेला खाली ओल शिल्लक नसते. मग झाड काय करतं, तर खोडात साठवलेली साखर ओढून दाण्याला देतं, खोड पोकळ पडतं, आणि अशा कमजोर खोडात खडखड्याची बुरशी शिरते. एक जुनं ताट त्यांनी वाकवून मोडलं. आत गर राहिलाच नव्हता, नुसते धागे आणि धाग्यांवर काळे बारीक कण, बोटाला लागत होते. उभी ज्वारी एका रात्रीत लोळते ती यानं. कणीस भरलेलं दिसतं, हातात घेतलं तर दाणा चिपाड, कडबा जनावरं तोंडात घेत नाहीत.

याच्या उलट एक गुण असतो, दाणा भरत असताना पण पानं हिरवी राहणं. इथिओपियाच्या ज्वारीतनं आलेली बी ३५ म्हणून एक ओळ (संकरासाठी जपलेलं वाण) आहे, तिच्यात हा गुण फार पक्का, आणि तो गुणसूत्रांवर चार ठिकाणी बसलाय हे आता माहिती आहे, स्टे-ग्रीन एक ते चार अशी नावं आहेत त्यांना. इक्रिसॅटनं आणि सोलापूरच्या रब्बी ज्वारी केंद्रानं हा गुण आपल्याकडच्या वाणांत आणायला बरीच वर्षं घातलीत. मार्कर, म्हणजे गुणसूत्रावरची ओळखीची खूण, वापरून रोपातच कळतं कुठल्या झाडात तो तुकडा आलाय, आधी दाणा भरेपर्यंत थांबावं लागायचं. पण बाहेरची ओळ आणायची म्हणजे तिच्यासोबत नको ते पण येतं, दाणा बारीक, रंग वेगळा, खोडमाशीला बळी पडणं. मग पुन्हा पुन्हा आपल्या वाणाशी संकर करत फक्त तेवढा गुण ठेवायचा आणि बाकीचं धुऊन काढायचं. एका संकरापासनं वाण बाहेर पडेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात, कारण शाळू वर्षातनं एकदाच येतो.

आणि दुपारी मी ज्यासाठी आले होते ते बघायला मिळालं. एक मावशी, वय साठीच्या आसपास, स्टुलावर बसून कणसाशी काम करत होत्या. ज्वारीचं कणीस वरनं खाली फुलत जातं, सहा-सात दिवस लागतात. वरची फुललेली फुलं त्यांनी कात्रीनं काढून टाकली, खालची अजून लहान ती पण काढली, मधली जी उद्या-परवा उमलणार तेवढीच ठेवली. मग सुई. एकेका फुलात तीन परागकोष असतात, हिरवट पिवळे, तांदळाच्या कणीहून बारीक, ते तिन्ही सुईच्या टोकानं उचलून बाहेर काढायचे, मधली पिसासारखी मादीची टोकं दुखवायची नाहीत, आणि परागकोष फुटू द्यायचा नाही, फुटला तर ते फूल बाद. एका कणसाला अर्धा-पाऊण तास. मी शेजारी बसून बघत होते, मावशींचा हात एकदाही थरथरला नाही. मग वरनं कागदी पिशवी, पेन्सिलनं तारीख आणि नंबर, टाचणी. दोन दिवसांनी सकाळी ऊन तापायच्या आत दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्या पिशवीत झटकायचे. मी म्हणलं मावशी, डोळ्याला त्रास होत नाही का, तर म्हणल्या, "तीस वर्षं झाली बाई, आता डोळे नाही, बोटंच बघतात." परभणी मोती हे शाळूचं वाण काढलं त्या वेळेला पण त्या होत्या. वाणाच्या जाहिरातीत कुणाचं नाव असतं कुणाचं नसतं ते आपण बघतोच, पण ती बोटं नसती तर त्यातलं एकही वाण नसतं, हे मला इथं लिहायचंच आहे.

आता मालदांडीचं उत्तर. मॅडम म्हणल्या, आम्ही सुरुवातीला दाण्याच्या मागं लागलो. ताट बुटकं केलं की दाणा वाढतो, गव्हात भातात हेच झालं. पण इथल्या शेतकऱ्याला ताट उंच पाहिजे, कारण दुष्काळी वर्षात दाण्यापेक्षा कडबा महाग जातो, दावणीची जनावरं विकायची का ठेवायची हे कडब्यावर ठरतं. बुटक्या ज्वारीनं दुष्काळ कितीही सोसला तरी ती या घराला दुष्काळात उपयोगाची नाही. दुसरं भाकरी. पीठ चिकट पाहिजे, थापताना कड फाटता कामा नये, आणि सकाळची भाकरी संध्याकाळी वातड होता कामा नये. हे केंद्रावर खरंच भाकऱ्या करून तपासतात, गुण देतात. तिसरं दाणा, टपोरा, पांढरा, चकाकणारा, बाजारात व्यापारी मुठीत घेऊन बघतो तेव्हा. मालदांडीत हे सगळं मध्यम-मध्यम का होईना पण एकत्र आहे, आणि खोडमाशी पण बऱ्यापैकी सोसते. तिला हरवायचं तर एका गुणात पुढं जाऊन भागत नाही, सगळ्यात बरोबरीला येऊन मग एक-दोनमध्ये पुढं जावं लागतं. परभणी मोती आणि नंतरची सुपर मोती हे त्या वाटेनं आलेत.

शेवटी परभणी शक्ती दाखवली, २०१८ ला इक्रिसॅटसोबत काढलेली, किलोला ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ जस्त, साध्या ज्वारीत तीस आणि वीसच्या आसपास असतं. आणि हुरड्यासाठीचा परभणी वसंत, लवकर पेरलेल्या तुकड्यातली दोन कणसं मावशींनीच गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळून दिली. त्याबद्दल काय लिहू, गोड होता एवढंच.

गुरुवार, परभणी ते लातूर

दिवस प्रवासातच गेला, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, लातूर. गंगाखेडला गोदावरी भरून, इतक्या डिसेंबरात एवढं पाणी बघायची सवय नाही आपल्याला.

परळीला शेजारी एक मामा बसले, अंबाजोगाईकडचे, सोयाबीनवाले. त्यांची तक्रार वाणाची नव्हतीच, बियाण्याची होती. मागच्या वर्षी एका कंपनीची बॅग घेतली, निम्मं उगवलंच नाही, दुबार पेरणी झाली, पंचनामा झाला आणि हातात काही आलं नाही. भाच्यानं त्यांना विचारलं घरचं का नाही ठेवत, सोयाबीन तर स्वतःच स्वतःला फळतं, हायब्रीड नाही, दोन-तीन वर्षं घरचं चालतं. मामा म्हणले माहिती आहे रे बाळा, पण यंदा काढणीला पाऊस, शेंगेतच मोड आले, बी कुठनं ठेवू. मग भाचा त्यांना समजावत बसला की जे थोडं चांगलं निघालंय त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठ दिवसांनी मोजा, सत्तरच्या वर उगवले तर पेरा, कमी असले तर त्या हिशेबानं बी वाढवा. आणि मळणी यंत्राचा वेग कमी ठेवा, पोती उंचावरनं आपटू नका, सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. मामा लक्ष देऊन ऐकत होते.

मला हे ऐकताना बदनापूर-परभणीचं सगळं आठवत होतं. वाण तयार होतं तिथं फार तर काही पोती बी असतं, ते पैदासकाराचं, पिवळा टॅग. त्याचं पायाभूत करायचं, पांढरा टॅग. त्याचं प्रमाणित, निळा टॅग. तीन हंगाम यातच जातात, आणि या साखळीत कुठं जरी ढिलाई झाली तरी मामांपर्यंत ते वाण पोचतच नाही, केंद्राच्या शेतात कितीही चांगलं दिसो. १२ वर्षं वाण तयार करायला घालायची आणि शेवटच्या तीन वर्षांत त्याला वाऱ्यावर सोडायचं हे मला पटत नाही. या कामाला पैसा आणि माणसं दोन्ही वाढवून मिळाली पाहिजेत, नुसत्या नवीन वाणांच्या घोषणा करून भागणार नाही.

अंबाजोगाईला मामा उतरले, खिडकीशी येऊन भाच्याचा नंबर लिहून घेतला.

शुक्रवार, औसा

येळवशीला लातूर शहर रिकामं असतं हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळं गाव शिवारात. आम्ही सकाळी सकाळी औशाला पोचलो तर घरी कुणीच नाही, सरळ रानात गेलो. भावानं कडब्याची खोप घातली होती, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, चुना लावून. भावजय रात्रीपासनं रांधत होती, भज्जी, उंडे, खीर, मडक्यात आंबील. पूजा झाली, आंबील रानाच्या चारी कडांनी शिंपडली, पोरं ओरडत पळत होती. भज्जीत तुरीचे हिरवे दाणे, वटाणा, हरभऱ्याचा पाला, चिंचेचं पाणी, सगळं याच महिन्यात रानात मिळणारं. पंगतीला शेजारपाजारचे पण होते, या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला पण हात धरून जेवायला बसवतात.

जेवण झाल्यावर भाऊ आम्हाला ज्वारी दाखवायला घेऊन गेला. त्यानं काळ्या रानात मालदांडी आणि परभणी मोती शेजारी शेजारी पेरलीय, आणि माळाच्या तुकड्यावर पण मालदांडीच. काळ्या रानातली दोन्ही चांगली, नुकती निसवायला लागलेली. माळावरची मात्र आत्ताच दुपारी पानं गुंडाळायला लागली होती.

भाचा खाली बसला, हातानं माती उकरली, वीतभर खाली मुरूम लागला. म्हणला, "पप्पा, इथं मालदांडी नकोच. तिला खाली जायला माती पाहिजे. राहुरीची फुले अनुराधा हलक्या रानासाठीच आहे, लवकर येते."

भाऊ म्हणला, "कडबा किती होतंय तिचा?"

"थोडा कमी."

"मग दावणीला काय घालू, तुझं पुस्तक?" आणि हसला, पण प्रश्न खराच होता. आक्का तूच सांग म्हणला मला. मी म्हणलं मला परभणीत जे सांगितलं ते सांगते, ज्या रानात ओल दीड महिनाच टिकते त्या रानातलं उंच ताट दाणा भरायच्या वेळेला लोळतं, मग ना दाणा ना कडबा. माळावरचा कडबा तुला आत्ता तरी किती मिळतो? तो जरा गप्प बसला. गेल्या तीन वर्षांतला माळाचा कडबा त्यानं बोटांवर मोजला, शंभर पेंढ्यांच्या वर एकदाच गेला होता.

मग आम्ही तिथंच बांधावर बसून ठरवलं. पुढच्या रब्बीला माळावर अनुराधा. काळ्या रानात दोन्ही ज्वाऱ्या पुन्हा शेजारी शेजारी, पण यावेळी काढणीला दाणा वेगळा आणि कडब्याच्या पेंढ्या वेगळ्या वजन करून वहीत लिहायच्या. यंदाच्या उभ्या पिकात भाचा फेब्रुवारीत येऊन शेवटपर्यंत हिरवी राहणारी, न लोळलेली ताटं लाल चिंधी बांधून ठेवणार, त्यांचं कणीस बियाण्याला वेगळं काढायचं. शेजारच्या दोघांनी लगेच सांगून ठेवलं आम्हाला पण थोडं द्या.

राहिला प्रश्न नवीन बियाण्याचा. परभणीला १७ सप्टेंबरला रब्बीचा मेळावा असतो, पहाटेपासनं लाईन लागते आणि चांगलं बी दुपारच्या आत संपतं. कोण जाणार यावर भाऊ आणि भाचा बोलत होते, एकाला पेरणीची घाई, दुसऱ्याची परीक्षा. भावजय भांडी गोळा करत होती, ती तिथनंच म्हणली, "वन्सं आणि मी जातो. भाकरी आम्हालाच थापायचीय, पीठ कसं होतंय ते विचारून मगच पिशवी घेऊ."